विश्लेषण : खाडीतल्या वेगाला लगाम का हवा?

मुंबईच्या गेटवे ऑफ इंडियाहून घारापुरीकडे निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीला १८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाच्या वेगवान बोटीने धडक दिली. १५ जणांचे प्राण गेले. इंजिनाच्या चाचणीदरम्यान नियंत्रण सुटल्याचे नौदलाने सांगितले. ही दुर्घटना बंदराच्या हद्दीतली, पण तिने उभा केलेला प्रश्न नद्या-खाड्यांनाही लागू होतो. प्रवासी बोटींच्या वाटेवर इतर बोटींनी किती वेगाने जावे?

सध्याचा नियम काय?

समुद्रातील टक्कर टाळण्यासाठीच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतला सहावा नियम फक्त ‘सुरक्षित वेग’ राखा, असे सांगतो. त्यात आकडा नाही. दृश्यमानता, बोटींची गर्दी, थांबायला लागणारे अंतर, वारा, प्रवाह आणि पाण्याची खोली पाहून चालकाने वेग ठरवायचा असतो. खुल्या समुद्रात हे योग्यच आहे. अरुंद खाडीत मात्र सगळा भार एका माणसाच्या अंदाजावर टाकणे धोक्याचे.

बोटीला ब्रेक नसतो, म्हणजे काय?

बोट थांबवायची तर इंजिन उलटे फिरवावे लागते, तरीही ती काही अंतर पुढे सरकतेच. १२ नॉट म्हणजे ताशी सुमारे २२ किमी. रस्त्यावर हा वेग किरकोळ वाटतो. पण ६ नॉटवरून १२ नॉटवर गेलेल्या बोटीची गतिज ऊर्जा चौपट होते. उथळ पाण्यात वेग वाढला की बोट खालीही दबते आणि तळ लागण्याचा धोका वाढतो.

लाटांमुळे नुकसान कुणाचे?

बोटीमागे उठणाऱ्या लाटेची उंची दुप्पट झाली की तिची ऊर्जाही चौपट होते. ती लाट काठावर आदळते. माती सुटते, खारफुटीची मुळे उघडी पडतात, लहान होडी हेलकावते, धक्क्यावर चढ-उतार करणाऱ्याचा तोल जातो. गोव्यात मांडवी-झुवारीच्या काठच्या खाजन शेतीचे रक्षण मातीचे बांधच करतात. बांध फुटला तर खारे पाणी शेतात शिरते. वेग एकाचा, भुर्दंड दुसऱ्याला, असा हा हिशेब आहे.

इतर देश काय करतात?

व्हेनिसच्या ग्रँड कॅनॉलमध्ये मर्यादा ताशी ७ किमी, तर अरुंद कालव्यांत ५ किमी आहे. इंग्लंडमध्ये भरती-ओहोटी नसलेल्या थेम्सवर ती ८ किमी आहे. मर्यादेच्या आत असूनही काठावर लाटा फुटत असतील, तर वेग आणखी कमी करणे तिथे अपेक्षित असते.

आपण काय करायला हवे?

२०१६ च्या कायद्याने देशातील राष्ट्रीय जलमार्गांची संख्या १११ झाली. त्यांत दाभोळ, जयगड, राजपुरी या खाड्या आहेत, तशीच मांडवी, झुवारी आणि कुंभारजुवे कालवाही. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्याने १९१७ चा जुना कायदा जाऊन देशभर एकसारखी नोंदणी आणि प्रमाणपत्रे आली. आता पुढचे पाऊल हवे. सरसकट एकच आकडा नको. मालवाहू बार्ज, फेरीबोट आणि पर्यटकांची स्पीडबोट यांना एकच माप लावून चालणार नाही. मात्र धक्के, फेरीबोटींच्या वाटा, पुलांखालचे टप्पे, खारफुटी आणि बांध यांच्याजवळ ठरावीक मर्यादा हवी. तिथे पाण्यातून दिसणारी पाटी हवी आणि यांत्रिक बोटींवर वेग नोंदवणारे उपकरणही. वेगवान बोटींच्या चाचण्या प्रवासी मार्गांपासून दूरच व्हायला हव्यात.

वेळेची सबब पुढे केली जाईल. पण ताशी २० ऐवजी १० किमीने अर्धा किलोमीटर जायला फक्त दीड मिनिट जास्त लागते. धक्क्याजवळ तेवढा उशीर प्रवाशांनाही चालेल. ‘नीलकमल’ची परवानगी ८४ प्रवाशांची होती आणि बोटीत शंभराहून अधिक लोक होते. म्हणजे नियम कागदावर असणे पुरेसे नाही, हेही त्याच दिवशी दिसले. वेगमर्यादा लिहिताना ती तपासणार कोण, याचे उत्तर आधी लिहावे लागेल.