व्हिसा मिळाला, आता पुढचं कोण सांगणार?

जुलै लागला की महालात एक नवा हंगाम सुरू होतो. बडकस चौकात पोहे-तर्री खाता खाता 'पोरगं कुठं चाललं?' असं कुणी विचारलं, तर उत्तर आता पुणे-बंगलोरवरच थांबत नाही. डब्लिन, म्युनिक, टोरांटो, मेलबर्न ही नावं गल्लीत रुळली आहेत. स्टेटसवर व्हिसाचा फोटो पडतो, सीताबर्डीवरून दोन मोठ्या बॅगा येतात, मावशी-आत्या ओवाळून जातात. सगळं ठरलेलं असतं. ठरलेलं नसतं ते एवढंच, की विमानातून उतरल्यावर पहिल्या दोन महिन्यांत नेमकं काय करायचं.

आपली सगळी तयारी व्हिसापर्यंतची असते. आयईएलटीएस, एसओपी, शिफारसपत्रं, बँक बॅलन्स, इंटरव्ह्यू. व्हिसा हातात पडला की कन्सल्टन्सीवाले पेढे मागतात आणि फाइल बंद करतात. त्यांचा धंदा तेवढाच आहे, त्यांना दोष देऊन उपयोग नाही. पण आपणही तेवढ्यालाच तयारी समजतो, आणि गाडी तिथेच फसते. कारण बहुतेक मुलं अडकतात ती व्हिसा मिळाल्यानंतर. घर, पैसा, कामाचे तास, वर्गातले नियम, एकटेपणा, यातलं काहीही आपल्याला कुणी शिकवलेलं नसतं.

फुकट सल्ला कुणाच्या पैशातून?

'आमची फी शून्य' असं लिहिलेला बोर्ड दिसला की एक प्रश्न विचारा: मग तुमचा पगार कोण देतं? ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, कॅनडातली अनेक विद्यापीठं विद्यार्थी आणून देणाऱ्या एजंटला कमिशन देतात. त्यात बेकायदा काही नाही. पण मग समोरचा माणूस तुमच्यासाठी कॉलेज निवडतोय की कमिशनसाठी, हे तपासायची जबाबदारी तुमची होते. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत ट्यूशन फी नसते (बाडेन-वुर्टेमबर्ग राज्यात मात्र २०१७ पासून युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात). अशा विद्यापीठांचं नाव तुमच्या यादीत का आलं नाही, हेही विचारा.

ऑफर लेटर आलं की विद्यापीठाच्या अधिकृत वेबसाइटवरून ॲडमिशन ऑफिसचा ईमेल शोधा आणि स्वतः विचारून खात्री करा. हे जास्तीचं शहाणपण नाही. २०२३ मध्ये कॅनडात बऱ्याच भारतीय विद्यार्थ्यांवर देश सोडायची वेळ आली होती, कारण त्यांची प्रवेशपत्रं बनावट निघाली. बहुतेक मुलं पंजाबची होती. काहींचं शिक्षण पूर्ण झालं होतं, कायमच्या वास्तव्याचा अर्ज करताना त्यांना पहिल्यांदा कळलं. त्यानंतर डिसेंबर २०२३ पासून कॅनडा सरकार प्रत्येक पत्र कॉलेजकडून पडताळून घेऊ लागलं. तेच काम तुम्ही एका ईमेलमध्ये आधी करू शकता.

आखीव पत्रिका आणि व्याज

सरकारी बँका साधारणपणे साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागतात. इथे महालातल्या घरांची खास अडचण येते. घर चार पिढ्यांचं, आखीव पत्रिकेवर अजून आजोबांचं नाव, आणि वारस म्हणून तीन काका, दोन आत्या. बँकेला स्पष्ट मालकी हवी असते. नावं चढवायला आणि सगळ्यांच्या सह्या जमवायला काही महिने सहज जातात. म्हणून परदेशी जायचा विचार असेल तर ऑफर लेटरची वाट न बघता फायनल इयरलाच आखीव पत्रिका काढून बघा. काकांशी बोलणीही तेव्हाच करा, कारण डेडलाइन डोक्यावर असताना मागितलेली सही भांडणं घेऊन येते.

दुसरी गोष्ट व्याजाची. 'शिक्षण संपेपर्यंत हप्ता नाही' हे खरं आहे, पण व्याज पहिल्या दिवसापासून चढतं. समजा २० लाख उचलले आणि दर १० टक्के धरला, तर वर्षाला दोन लाख म्हणजे महिन्याला साडेसोळा हजारांच्या वर व्याज झालं. घरी आई-बाबांना हा आकडा माहीत असायला हवा. 'तिकडे गेल्यावर पार्टटाइम करून फेडतो' हे वाक्य तर अजिबात बोलू नका. पार्टटाइममधून फार तर भाडं आणि किराणा निघतो. फी निघत नाही.

शिष्यवृत्तीची माहितीही आपल्याकडे उशिरा पोचते. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आहे, केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप आहे. आदिवासी आणि ओबीसी विद्यार्थ्यांसाठीही राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. राज्याच्या योजनांत विद्यापीठाच्या जागतिक रँकिंगची अट असते. म्हणजे एजंटने सुचवलेलं रँकिंगबाहेरचं कॉलेज घेतलं की हा दरवाजा आपोआप बंद. आधी त्या वर्षीचा जीआर वाचा, मग कॉलेज निवडा.

पैसा मध्येच संपला तर काय होतं, हे नागपूरकरांना वेगळं सांगायला नको. बाबासाहेब १९१३ मध्ये बडोदा संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, १९१६ मध्ये लंडनला आले आणि १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून अभ्यास अर्धवट सोडून त्यांना परतावं लागलं. सिडनहॅम कॉलेजात शिकवून, पैसे साठवून आणि मित्राकडून उसने घेऊन ते १९२० मध्ये पुन्हा लंडनला गेले. त्यांच्याकडे जिद्द होती तशीच लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सकडून परत येण्याची परवानगीही घेतलेली होती. पैशांची अडचण दिसली की गप्प बसू नका, विद्यापीठाशी बोलून मुदत लेखी मागून घ्या. शंभर वर्षांनंतरही वाट हीच आहे.

बॅगेत काय, हातात काय

१९१७ च्या त्याच प्रवासात बाबासाहेबांचं सामान आणि पुस्तकं वेगळ्या जहाजाने पाठवली होती. महायुद्धाच्या धामधुमीत ते जहाज टॉर्पेडोने बुडालं. आज बॅग बुडत नाही, पण चुकीच्या विमानात नक्की जाते. म्हणून मूळ मार्कशीट, डिग्री, पासपोर्ट, ऑफर लेटर, विमा, कर्जाचे कागद हे सगळं केबिन बॅगेत ठेवा. स्कॅन कॉपी ड्राइव्हवर टाका आणि घरीही एक झेरॉक्स संच ठेवा. रोजची औषधं घेत असाल तर डॉक्टरची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावासह सोबत असू द्या.

आता खाऊ. आई संत्रा बर्फी आणि घरचं तूप भरणारच. पण युरोपियन युनियन आणि ब्रिटनमध्ये भारतातून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. खवाही त्यात आला, तूपही आलं. ऑस्ट्रेलियात तर सोबत आणलेला खाण्याचा प्रत्येक पदार्थ उतरताना कार्डावर जाहीर करावा लागतो, लपवला तर दंड होतो. आणि सावजी मसाला बांधून देणाऱ्या काकूंना एक विचारा, 'यात खसखस आहे काय हो?' संयुक्त अरब अमिरातीत आणि सिंगापुरात खसखस बेकायदा आहे. दुबईमार्गे जाणार असाल तर खसखशीविना मसाला न्या. चव थोडी कमी लागेल, चालेल.

पहिले पंधरा दिवस

घर बघितल्याशिवाय डिपॉझिट पाठवू नका. फोटो सुंदर, भाडं कमी आणि 'मालक सध्या बाहेरगावी आहे, किल्ली कुरिअर करतो' असं असेल तर शंभर टक्के फसवणूक समजा. पहिले दोन आठवडे विद्यापीठाच्या होस्टेलात किंवा ओळखीच्या सीनियरकडे काढा, घर तिथे जाऊन बघा.

जर्मनीत घर मिळाल्यावर दोन आठवड्यांत पालिकेच्या ऑफिसात पत्ता नोंदवावा लागतो. त्यासाठी घरमालकाचं लेखी पत्र लागतं. काही जण स्वस्तात खोली देतात, पण पत्र देत नाहीत. अशी खोली शेवटी महागच पडते, कारण पुढची निवासी परवान्यासारखी कामं त्या नोंदणीवर अडतात. जर्मनीचे पैसेही नीट समजून घ्या. सप्टेंबर २०२४ पासून विद्यार्थ्यांच्या ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षाचे ११,९०४ युरो दाखवावे लागतात, पण हातात महिन्याला ९९२ युरोच येतात. म्युनिकसारख्या शहरात त्यातला मोठा भाग भाड्यातच जातो. पहिल्या महिन्याचं डिपॉझिट वेगळं, ते सोबत हवं.

अमेरिकेत कोर्स सुरू होण्याच्या ३० दिवसांपेक्षा आधी जाता येत नाही. पोचल्यावर पहिली भेट विद्यापीठाच्या इंटरनॅशनल ऑफिसला. पत्ता बदलला तर १० दिवसांत कळवायचं. झेपत नाही म्हणून एखादा विषय परस्पर सोडायचा नाही, कारण ठरलेल्या क्रेडिट्सच्या खाली गेलात तर व्हिसाचा दर्जाच धोक्यात येतो. आयर्लंडमध्ये ९० दिवसांच्या आत नोंदणी करून आयआरपी कार्ड घ्यायचं असतं. ब्रिटनमध्ये आरोग्याचा सरचार्ज आपण व्हिसासोबतच भरलेला असतो, वर्षाला ७७६ पौंड. तरी अनेक जण डॉक्टरकडे नाव नोंदवतच नाहीत आणि ताप आला की नागपूरला फोन करून गोळी विचारतात. पैसे भरलेत ना, मग नाव नोंदवा.

वीस तास म्हणजे वीसच

कामाच्या तासांचे नियम देशागणिक वेगळे आहेत. ब्रिटनमध्ये डिग्रीच्या विद्यार्थ्याला टर्म चालू असताना आठवड्याला २० तास. आयर्लंडमध्ये टर्ममध्ये २०, ठरलेल्या सुट्ट्यांत ४०. कॅनडात नोव्हेंबर २०२४ पासून कॅम्पसबाहेर २४. ऑस्ट्रेलियात जुलै २०२३ पासून पंधरवड्याला ४८. जर्मनीत मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस. अमेरिकेत पहिल्या वर्षी फक्त कॅम्पसवर आणि टर्ममध्ये २० तास.

'या आठवड्यात तीस केले, पुढच्या आठवड्यात दहा करतो' असा हिशोब ब्रिटनमध्ये चालत नाही. तिथे स्टुडंट व्हिसावर स्वतःचा धंदाही करता येत नाही, त्यामुळे मित्राच्या डिलिव्हरी ॲपच्या अकाउंटवर जेवण पोचवणं म्हणजे दोघांचाही व्हिसा पणाला लावणं. 'रोख देतो, कागद नाही' म्हणणारा मालक पगार बुडवतो तेव्हा तक्रार कुठे करणार? आणि 'तुझ्या अकाउंटमधून थोडे पैसे फिरवू दे, कमिशन देतो' म्हणणाऱ्यापासून तर चार हात लांबच राहा. ते मनी लाँड्रिंग असतं आणि अकाउंट तुमच्या नावावर असतं.

जर्नल उतरवायची सवय

आपल्याकडे एकाचं जर्नल आख्ख्या बॅचमध्ये फिरतं. तिकडे याला प्लेजिअरिझम म्हणतात आणि त्यावरून नापास करतात, कधी काढूनही टाकतात. दुसऱ्याचं वाक्य घेतलं तर संदर्भ द्यायचा. एआय कितपत चालतं हे प्रत्येक कोर्सच्या नियमात लिहिलेलं असतं, ते पहिल्याच आठवड्यात वाचा. आणखी एक. तिकडे प्राध्यापक 'प्रश्न आहेत का?' असं खरंच विचारतात. भेटायच्या ठरलेल्या वेळा असतात, त्या वेळी दार उघडं असतं. इंग्रजी अडखळेल म्हणून गप्प बसलात तर तुम्हाला सगळं समजलं असंच धरलं जाईल.

घरी खरं सांगा

सगळ्यात अवघड भाग हा आहे. डिसेंबरात बर्लिन, लंडनला दुपारी चारच्या सुमारास अंधार पडतो. ४५ डिग्रीत वाढलेल्या पोराला थंडीपेक्षा तो अंधार जास्त लागतो. घरी व्हिडिओ कॉलवर सगळे हसत असतात, म्हणून आपणही 'मस्त चाललंय' म्हणतो. एखादा विषय राहतो, काम सुटतं, भाडं थकतं, तरी 'मस्त चाललंय'. कारण घरावर कर्ज आहे आणि गल्लीभर पेढे वाटून झालेत.

इथे थोडी जबाबदारी घरच्यांचीही आहे. निघायच्या आधी एकदा बसून ठरवा, की अडचण आली तर ती पहिल्या आठवड्यात सांगायची आणि सांगितल्यावर कुणी ओरडायचं नाही. विद्यापीठात समुपदेशक असतात, बहुतेक ठिकाणी ती सेवा मोफत असते. तिथे जाणं म्हणजे वेडं होणं नव्हे. परराष्ट्र मंत्रालयाच्या 'मदद' पोर्टलवर जाण्याआधीच नाव नोंदवा, म्हणजे अडीअडचणीत दूतावासाला तुमचा पत्ता माहीत असेल.

कॉलेजांनी एवढं तरी करावं

वर लिहिलेलं सगळं सरकारी वेबसाइटवर सापडतं. तरी ते आपल्यापर्यंत पोचतं दुसऱ्याच्या तिसऱ्याच्या व्हॉट्सॲप फॉरवर्डमधून, अर्धवट आणि जुनं. नियम तर सारखे बदलतात. कॅनडात वर्षभराच्या खर्चापोटी दाखवायची रक्कम २०२३ पर्यंत १०,००० डॉलर होती, जानेवारी २०२४ मध्ये ती २०,६३५ झाली आणि सप्टेंबर २०२५ पासून २२,८९५. सीनियरचा अनुभव उपयोगाचा आहे, पण त्याचे आकडे दोन वर्षं जुने असतात.

नागपुरातल्या प्रत्येक कॉलेजात प्लेसमेंट सेल आहे. जूनमध्ये एक शनिवार त्यांनी बाहेर जाणाऱ्या मुलांसाठी द्यावा. परदेशात शिकून आलेले माजी विद्यार्थी, एक बँकवाला, एक डॉक्टर आणि मुलांचे आई-बाबा एका हॉलमध्ये बसवावेत. खर्च चहा-समोशाचा. मुलं कुठे गेली हे कॉलेजं फ्लेक्सवर छापतात. गेल्यावर त्यांचं कसं चाललंय, हेही सहा महिन्यांनी एकदा विचारावं.

तोवर, राजेहो, स्वतःची फाइल स्वतः वाचा. सही करण्याआधी प्रत्येक कागद, आणि पैसे भरण्याआधी प्रत्येक नियम. तिकडे गेल्यावर कन्सल्टन्सीचा फोन लागेलच असं नाही.