९६ पायऱ्यांशी थांबणारं माणूस

करमाळ्यात कमलाभवानीच्या दर्शनाला आलेलं पोर हमखास मोजायला लागतं. मंदिराचे खांब ९६, ओवऱ्या ९६ आणि जवळच्या विहिरीच्या पायऱ्याही ९६, असं इथं पिढ्यान् पिढ्या सांगतात. पायऱ्या मोजत खाली जाऊन वर आलेल्या पोराच्या तोंडात पुढचा प्रश्न तयार असतो. ९६च का? एवढ्या खोल विहिरीची भिंत ढासळत कशी नाही? तेवढ्यात घरचे हाक मारतात आणि प्रश्न काठावरच राहतो.

अशा प्रश्नापाशी थांबणं हेच ज्यांचं काम, अशी माणसं बंगळुरूच्या सायन्स गॅलरीत भेटतात. २००८ साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात पहिली सायन्स गॅलरी उघडली, त्याच कुळातली ही. संस्थापक संचालक जान्हवी फाळके या विज्ञानाच्या इतिहासकार. भारतातल्या अणुसंशोधनावर त्यांनी ग्रंथ लिहिला, चंदीगडच्या जुन्या सायक्लोट्रॉनवर, म्हणजे अणुकणांना वेग देणाऱ्या यंत्रावर, चित्रपट केला आणि २०२३ चा इन्फोसिस पुरस्कार त्यांना मिळाला. गॅलरीची स्वतःची इमारत २०२४ च्या जानेवारीत ‘कार्बन’ या प्रदर्शनाने खुली झाली. पण पाणी, साथरोग, मन या विषयांवरची प्रदर्शनं त्याआधीच होऊन गेली होती. आधी माणसं जमली, भिंती मागाहून आल्या. हा क्रम आपल्याकडच्या प्रत्येक नियोजन बैठकीत सांगण्यासारखा आहे.

या गॅलरीत चित्रकार, शास्त्रज्ञ आणि इतिहासकार एकाच विषयाला हात घालतात. दालनात ‘मीडिएटर’ म्हणून तरुण मुलं-मुली उभी असतात. पाहुण्याला बोलतं करायचं, त्याच्या शंकेला धरून पुढं न्यायचं, हे त्यांचं काम.

महाराष्ट्राला हे नवं नाही. पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेत मुलांसाठी मुक्तांगण विज्ञान शोधिका आहे. पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या या वास्तूला सप्तर्षींतल्या पुलस्त्य ताऱ्याचं नाव दिलं, त्यात पु. ल. आपसूक आले. तिथं अरविंद गुप्तांनी वर्षानुवर्षं टाकाऊतून खेळणी केली. सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबचे बारीक तुकडे आणि आगकाड्या, एवढंच सामान. तीन काड्या जोडल्या की त्रिकोण ताठ राहतो. चार जोडल्या की चौकोन बोटाच्या धक्क्याने कलंडतो. घराच्या छपराला कैची का लागते, हे पोराला तिथंच बोटांनी कळतं. सामान दोन-चार रुपयांचं, पण ते मुलाच्या हातात देऊन गप्प बसणारं आणि नेमक्या क्षणी एकच प्रश्न विचारणारं माणूस घडायला मात्र वर्षं जातात.

आणि त्याच माणसासाठी आपल्या अंदाजपत्रकात रकाना नसतो. विज्ञान केंद्र म्हटलं की इमारत मंजूर होते, घुमट होतो, फीत कापली जाते. पुढं बटण दाबलं तरी दिवा लागत नाही, कारण तो दुरुस्त करणाराच नेमलेला नसतो. मुलांना सामोरं जाणारी व्यक्ती असलीच तर कंत्राटी, आज आहे तर उद्या नाही. ही कंजुषी मुलांच्या मुळावर येते. पैशाचा आधार सुटला की नावाजलेली जागाही टिकत नाही. डब्लिनच्या मूळ गॅलरीला २०२२ मध्ये तोट्यापायी दार बंद करावं लागलं.

करमाळ्यासारख्या तालुक्याला अशी जागा हवी, आणि पहिला खर्च पगारावर व्हावा. शाळेची एखादी रिकामी खोली सुरुवातीला पुरेल. चित्रकलेच्या शिक्षिका, विज्ञानाचे निवृत्त मास्तर, मोटार दुरुस्त करणारा हुशार पोरगा, अशी तिघं-चौघं पूर्ण वेळ, नीट पगारावर नेमावीत.

पहिल्या प्रदर्शनाचा विषय तर दाराशीच आहे. १९८० साली उजनी धरण पूर्ण झालं आणि भीमाकाठची कितीतरी गावं पाण्याखाली गेली. त्याच पाण्यावर आता हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात. त्यांच्या पिसांचा गुलाबी रंग अन्नातून येतो, शेवाळातून आणि बारीक कवचधारी जिवांतून. मुलांनी पक्षी रंगवावा, मग उथळ पाण्याचा एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून तो रंग कुठून आला ते शोधावं. पाणी ओसरल्यावर कुठं कुठली भिंत वर येते, हे होडीवाल्या भोयांना ठाऊक असतं. त्यांना बोलवावं, मुलांच्या हाती मोठा कागद द्यावा आणि बुडालेल्या गावाचा नकाशा भोयांच्या तोंडून उतरवून घ्यावा.