झड कॉम्प्युटरला ठाऊक नसते

परवा आत्याचा फोन आला. घरातल्यांना ही गोष्ट ठाऊक आहेच, बाकीच्यांसाठी सांगतो. चिपळूणजवळच्या आत्याच्या घराचा आराखडा माझा. यंदा त्या घराचा तिसरा पावसाळा, आणि पश्चिमेच्या दोन्ही खिडक्यांतून पाणी थेट आत येतं. "अरे, तुझ्या कॉम्प्युटरला झड माहीत नसेल, पण तुला होती ना?" एवढं बोलून तिने फोन ठेवला.

तेव्हा आजचं लिखाण म्हणजे थोडी कबुली आणि बरंचसं भांडण.

कॉम्प्युटर नको असं मी म्हणत नाही. मी ड्रॉइंग बोर्डवर शिकलो. ट्रेसिंग पेपरवर शाईची रेघ चुकली की ब्लेडने खरवडायची. प्लॅनमध्ये खिडकी फूटभर सरकवली की सेक्शन, एलेव्हेशन, शेड्यूल सगळीकडे हाताने दुरुस्ती. एखादी राहायचीच, आणि ती साइटवर गवंडी शोधून काढायचा! १९८२ मध्ये ऑटोकॅड आलं, त्याने मुख्यतः कागदावरच्या रेघा पडद्यावर आणल्या. आर्किकॅड, आणि २००० मध्ये आलेलं रेव्हिट, हे प्रोग्राम मात्र भिंतीला भिंत आणि खिडकीला खिडकी म्हणून ओळखतात. एका जागी बदल केला की सगळीकडे होतो. बीममध्ये घुसणारा पाइप काँक्रीट ओतण्याआधीच दिसतो. हे सगळं सोडून पुन्हा टी-स्क्वेअर हातात घ्या म्हणणाऱ्यांतला मी नाही.

माझी तक्रार एवढीच, की या मॉडेलला "अजून ठरलं नाही" असं म्हणता येत नाही.

पेन्सिलीला येतं. जाडसर, दोनदा गिरवलेली रेघ म्हणजे "भिंत इथे कुठेतरी येईल". मॉडेलमध्ये भिंत ठेवायची तर तिला जाडी हवी, उंची हवी. तुम्ही सांगितली नाही तर प्रोग्राम आपल्या मनाने भरतो. आत्याचं घर चिऱ्याचं. माझ्या यादीत वीट होती, काँक्रीट ब्लॉक होता, जांभा कुठून असणार? मी विटेवर तांबडं टेक्स्चर चढवलं आणि पुढे गेलो. खिडकी लायब्ररीतून उचलली. भिंतीच्या बाहेरच्या अंगाला सपाट बसणारी. वर छज्जा नाही, सिलला बाहेर उतार नाही, खाली पाणी तोडणारी खाच नाही. चित्र मात्र असं देखणं आलं की आत्यासकट सगळे खूश. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो त्या गावात ही खिडकी ठरवली कोणी? मी नाही, आत्याने नाही. कोणीच ठरवली नाही, म्हणून ती तशीच राहिली आणि सिमेंटमध्ये पक्की झाली.

आमच्या धंद्यातले लोक म्हणतील, त्यासाठी पायऱ्या आहेत की. आहेत. अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सने २००८ मध्ये १०० ते ५०० अशा पायऱ्या करारात आणल्या. २०० म्हणजे अंदाजे माप, ३०० म्हणजे नेमकं, ५०० म्हणजे प्रत्यक्ष बांधलेलं. कल्पना उत्तम. पण तो आकडा करारात राहतो. पडद्यावर अंदाजाने ठेवलेली खिडकी आणि विचार करून काढलेली खिडकी सारख्याच चकचकीत दिसतात, आणि घरमालक पडदा बघतो, करार नाही.

दुसरे म्हणतील, चूक तुझी, हत्याराला कशाला दोष? चूक माझीच. पण रिकामी जागा दिसली की माणूस थांबून विचार करतो, भरलेली दिसली की पुढे जातो. आळशाचं काम पूर्ण झाल्यासारखं दाखवणारं हत्यार निर्दोष कसं म्हणायचं?

आजोबांच्या घराचा कागदावर नकाशाच नव्हता. पण छपराची पाखी पार खाली उतरलेली, पश्चिमेला पडवी, आणि मे महिन्यात तिला झावळ्यांचे झाप बांधायचेच. तिथे पाऊस कुठून येतो हा पहिला प्रश्न होता. माझ्या मॉडेलने तो विचारला नाही, म्हणून मीही विचारला नाही.

आता ऑफिसात नियम केलाय. जे ठरलेलं नाही ते मॉडेलमध्ये भडक राणी रंगात ठेवायचं, आणि घरमालकाला तसंच दाखवायचं. पोरं कुरकुरतात, "सर, प्रेझेंटेशन घाण दिसतं." दिसू दे. गेल्या आठवड्यात एका बाईंनी विचारलं, "हे गुलाबी काय आहे?" आणि त्यावर आम्ही तासभर बोललो. त्या तासात जे ठरलं ते कुठल्याच लायब्ररीत नव्हतं.

आत्याकडे सध्या खिडक्यांवर पत्रे लावून आलोय. छज्जे दिवाळीनंतर, माझ्या खर्चाने. त्यांचा सेक्शन हाताने काढलाय, पेन्सिलीने. आत्या म्हणाली, आधी तिला दाखवायचा.

असो. तुमच्या घरच्या खिडक्या कोणी ठरवल्या होत्या, आठवून बघा.