वेंडूरीच्या तळ्यावर

गतवर्षी ऑक्टोबरमध्ये तीन आठवडे मेलबर्नला धाकट्या भावाकडे राहण्याचा योग आला. आमचे वडील तेथे जूनपासून होते. आईच्या निधनानंतर आचऱ्याच्या घरात ते एकटे पडले, म्हणून भावाने त्यांना आग्रहाने नेले होते. त्यांनी आता कायमचे तेथेच राहावे अशी त्याची मनोमन इच्छा होती. परंतु हा विषय निघाला की बाबा वर्तमानपत्र उघडीत आणि आम्ही दोघे भाऊ एकमेकांकडे पाहात बसत असू.

एका रविवारी भावाने मासेमारीचा बेत काढला. मेलबर्नच्या पश्चिमेस सुमारे ११० किलोमीटरवर बॅलरॅट हे गाव आहे. १८५१ मध्ये सोने सापडल्यामुळे ते नावारूपास आले. तेथील वेंडूरी हे तळे म्हणजे मूळची दलदल. १९५६ च्या ऑलिम्पिकमधील नौकास्पर्धा याच पाण्यावर झाल्या, आणि २००६ मध्ये दीर्घ अवर्षणाने ते इतके कोरडे पडले की पात्रात गवत उगवले. पुढे चारपाच वर्षांनी ते पुन्हा भरले. नावाविषयी एक आख्यायिका सांगतात. पहिल्या गोऱ्या वसाहतवाल्याने एका आदिवासी स्त्रीला तळ्याचे नाव विचारले, तेव्हा ती म्हणाली, "वेंडारी". त्याने तेच नाव नोंदवले. तिच्या भाषेत त्याचा अर्थ होता, "निघून जा".

मासे धरण्यासाठी तेथे सरकारी परवाना लागतो. आम्ही दोघांनी तो काढला. अठरा वर्षांखालील मुलांना आणि सत्तरीच्या पुढील वृद्धांना मात्र तो माफ आहे. तेव्हा नऊ वर्षांचा पुतण्या आणि बहात्तर वर्षांचे बाबा हे दोघेच आमच्यात खरे स्वतंत्र नागरिक ठरले, आणि पुतण्याने ही गोष्ट दिवसभर आम्हांस विसरू दिली नाही.

आमिषाच्या दुकानातून दोन डब्या घेतल्या. एकीत जाडजूड गांडुळे आणि दुसरीत ओल्या शेवाळात चतुराच्या अळ्या. चतुर आपण तळ्यावर उडताना पाहतो, पण त्यापूर्वीचे त्याचे आयुष्य पाण्याखाली जाते. त्या अवस्थेतील या मातकट अळीस तिकडे "मड-आय" म्हणतात. ट्राउट माशाला ती फार प्रिय. बाबांनी गांडुळांची डबी उघडून बोटाने माती उकरली. "चांगली आहेत," एवढेच म्हणाले. आठवडाभरात त्यांनी आपणहून काढलेला हा बहुधा पहिला अभिप्राय होता.

सकाळ वाया गेली. वारा बोचरा होता. भावाने मोकळ्या जागी, बाकाशेजारी ठाण मांडले होते आणि शिसे लावून लांब दोर फेकला होता. दहा वाजेपर्यंत गळाला शेवाळाखेरीज काही आले नाही. बाबा उठले, काठाने चालत गेले आणि लव्हाळ्यांच्या कडेला एका जागी उभे राहिले. तळे जेमतेम पुरुषभर खोल, तेव्हा दूर फेकून उपयोग काय, असा त्यांचा हिशेब असावा. त्यांनी शिसे काढून टाकले, बुचाचा तरंगता तुकडा ठेवला, गळाला अर्धे गांडूळ लावले आणि लव्हाळ्यांपासून दोन हात अंतरावर सोडले. आचऱ्याच्या खाडीवर ते असेच गरवायला बसत. ही गोष्ट मी पुतण्याला सांगितली, तेव्हा त्याने प्रथमच आजोबांकडे कुतूहलाने पाहिले.

पाच मिनिटांत बूच थरथरले आणि बुडाले. वर आला तो रेडफिन, म्हणजे पर्च. (या माशास मराठीत नाव नाही. अनुवादकाने अशा वेळी मूळ शब्दच ठेवावा, नाहीतर वाचकाच्या ताटात भलताच मासा पडतो.) हिरवट अंगावर काळसर उभे पट्टे, खालचे पर शेंदरी, पाठीवर सुयांसारखे काटे. बाबा म्हणाले, "काळुंदराचा भाऊ दिसतो." पुतण्या धरावयास धावला आणि बोट टोचून घेऊन रडकुंडीस आला. बाबांनी त्याचा हात हातात घेतला. डोक्याकडून शेपटीकडे तळवा फिरवला की काटे दबतात, हे त्यांनी त्याच्याच हाताने त्याला करून दाखविले.

रेडफिन थव्याने फिरतो, त्यामुळे एक लागला की त्या जागी आणखी लागतात. दुपारपर्यंत अकरा झाले, त्यांतले सात पुतण्याचे. यांच्या संख्येवर त्या राज्यात मर्यादा नाही. हा मासा भरमसाट वाढतो आणि इतरांची पिले खातो. शेजारच्या न्यू साउथ वेल्स राज्यात तर त्याला उपद्रवी ठरविले आहे. युरोपातून त्याला हौसेने आणले तेही माणसांनीच, हे मात्र सोयीस्करपणे विसरले जाते.

ट्राउटही तिथला नव्हे. १८६४ मध्ये 'नॉरफोक' नावाच्या जहाजातून त्याची अंडी ओल्या शेवाळात बांधून, बर्फाखाली ठेवून, इंग्लंडहून मेलबर्नमार्गे टास्मानियाला नेली. जहाज सुमारे तीन महिने समुद्रावर होते. जवळजवळ तीन हजार अंड्यांतून तीनशेच्या आसपास पिले निघाली. आपल्या काश्मीरातला ट्राउटही १९०० च्या सुमारास असाच बर्फातून आलेला. निलगिरीत मात्र १८६० च्या दशकापासून प्रयत्न फसत राहिले आणि यश विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाले. भाऊ ही हकीकत मोठ्या उत्साहाने सांगत होता. माणसे काय किंवा मासे काय, कोठेही रुजतात, असा त्याचा रोख होता. बाबांनी शांतपणे विचारले, "उरलेल्या सत्तावीसशेंचं काय झालं?"

त्यावर कोणीच बोलले नाही.

संध्याकाळी वारा पडला. बाबांनी मड-आय गळाला लावली. दोर सैल ठेवला, कारण ट्राउट आमिष तोंडात धरून आधी दूर जातो. ताण जाणवला की टाकून देतो. दोर सरकू लागताच भावाने काठीला हात घातला. "बाबा, ओढा! जाईल तो!"

"थांब रे. तेका खाऊक दी."

घरात मालवणी बोलणे आईबरोबरच थांबले होते. भावाने हात मागे घेतला. दोर सरकला, थांबला, पुन्हा सरकला. मग बाबांनी काठी उचलली. दहा मिनिटांनी जाळीत आला तो तपकिरी ट्राउट, कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत लांब, अंगावर काळे-तांबडे ठिपके. पुतण्याने फोटो काढला. बाबांनी गळ सोडविला, मासा दोन्ही हातांनी पाण्यात धरून ठेवला आणि त्याने शेपटी हलविल्यावर सोडून दिला. भाऊ हळहळला. अकरा पुरेत, असे बाबांचे म्हणणे पडले.

रेडफिनचे खवले काढणे म्हणजे शिक्षाच, म्हणून कातडीसकट सोलून पांढरे तुकडे काढले. वहिनीने ते आगळ लावून रव्यात तळले. आगळाची बाटली बाबांनी गावाहून आणलेली. त्यांनी ती उजेडात धरून पाहिली. दोन बोटे उरले होते.

"डिसेंबरचं तिकीट काढ," ते भावाला म्हणाले. "तुमची शाळेची सुट्टी तेव्हाच ना? दोन तिकिटं काढ. याला खाडीवर गरी टाकायला शिकवतो. जानेवारीत याला पोहोचवायला मी परत येईन."

"आणि मग?" भावाने विचारले.

"मग आगळ जास्त आणीन," बाबा म्हणाले, आणि पुतण्याच्या ताटातला काटा काढू लागले.