महाराजांचें स्मरण कसें करावें?

ऋषिपंचमी जवळ आली कीं वऱ्हाडांतल्या चहूंकडच्या वाटा शेगांवकडे वळतात. बुलढाणा जिल्ह्यांतील या गांवीं, याच तिथीस, ता. 8 सप्टेंबर 1910 रोजीं श्रीगजाननमहाराज समाधिस्थ झाले. त्या गोष्टीस शतकाहून अधिक काळ लोटला, तरी त्यांचें नांव घेणारांची संख्या वाढतच आहे. दिंड्या, पताका आणि दर्शनबारींतील गर्दी पाहून ज्यास आनंद होत नाहीं असा मनुष्य आमच्या प्रांतांत विरळा. परंतु पत्रकर्त्याचें काम केवळ आनंद व्यक्त करण्यानें संपत नाहीं. इतक्या मोठ्या भक्तीचा आमच्या रोजच्या वागणुकीवर काय परिणाम झाला, हें विचारणें हेंही त्याचें कर्तव्य आहे. आणि आज आम्ही तेंच विचारणार आहों.

महाराजांचें नांव निघतांच सुशिक्षितांतील एक पक्ष चमत्कारांचा वाद उकरून काढतो. दुसरा पक्ष चमत्काराखेरीज दुसरें कांहीं ऐकूंच इच्छीत नाहीं. आम्ही कायद्याचे अभ्यासक. ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून न्यायासनापुढें सहसा टिकत नाहीं, हें आम्हांस ठाऊक आहे. पण एखाद्या पुरुषाच्या आचरणामुळें घराघरांतील वागणूक बदलली असेल, तर ती बदललेली वागणूक हाच त्याच्या थोरवीचा प्रत्यक्ष पुरावा होय. तो पुरावा भक्तांनींच द्यावयाचा असतो. दुसरा कोणी त्यांच्या वतीनें साक्षीच्या पिंजऱ्यांत उभा राहूं शकत नाहीं.

महाराज शेगांवीं प्रथम दिसले ते 23 फेब्रुवारी 1878 रोजीं. दासगणू महाराजांनीं 1939 सालीं रचलेल्या ‘श्रीगजाननविजय’ ग्रंथाच्या 21 अध्यायांपैकीं पहिल्याच अध्यायांत तो प्रसंग आहे. देविदास पातुरकर यांच्या घरीं जेवणावळ झालेली, उष्ट्या पत्रावळी बाहेर टाकलेल्या, आणि त्यांतील शितें वेंचून खात बसलेला एक अनोळखी तरुण बंकटलाल अगरवाल व दामोदरपंत कुळकर्णी यांच्या दृष्टीस पडला. त्यांनीं वाढलेलें पान आणून पुढें ठेविलें. त्यानें सारे पदार्थ एकत्र कालवून खाल्ले आणि गुरांसाठीं ठेवलेलें पाणी पिऊन तृप्ति मानली. टाकलेल्या अन्नाची लाज ज्यानें आल्याबरोबर आमच्या पदरांत घातली, त्याच्याच नांवानें घातलेल्या पंगतींत पानांवर अन्न टाकलें जावें, याहून मोठी विसंगति कोणती?

आमच्या घरीं दर गुरुवारीं पोथीचा एक अध्याय वाचला जाई. ज्या दिवशीं पहिला अध्याय असे, त्या दिवशीं ताटांत शीत ठेवून उठण्याची कोणा मुलाची छाती होत नसे. आणि तें धाकानें नव्हे, तर ऐकलेल्या गोष्टीचा मनावर पगडा असे म्हणून. पुढें वकिलीस लागल्यावर, दारीं आलेल्या पक्षकारास आधीं पाणी द्यावें आणि मग कागद मागावेत, हा जो नेम आम्हीं धरला तोही त्याच पोथींतून घेतलेला आहे.

त्या नेमाचें मूळ अकोलीच्या कथेंत आहे. तहानलेल्या महाराजांनीं शेतांत राबणाऱ्या भास्कर पाटलाजवळ पाणी मागितलें. धडधाकट मनुष्य फुकटें खात हिंडतो असें म्हणून त्यानें तें नाकारलें. पुढें कोरड्या विहिरीस पाणी आलें असें पोथी सांगते, आणि श्रोते तेथें हात जोडतात. आमच्या मतें कथेचा खरा भार नाकारलेल्या पाण्यावर आहे. शेगांव, संग्रामपूर व जळगांव-जामोद या तालुक्यांतूनच पूर्णेच्या खोऱ्यांतला खारपाणपट्टा गेलेला आहे. तेथें विहीर खणली तरी पाणी खारें लागतें, आणि मूत्रपिंडाच्या विकारानें कित्येक कुटुंबें गांजलेलीं आहेत. विहिरीच्या चमत्कारास हात जोडणाऱ्यांनीं या खाऱ्या विहिरींच्या गांवांस गोडें पाणी मिळालें कीं नाहीं याची चौकशीही करूं नये, तर ती भक्ति अर्धी समजली पाहिजे.

महाराज लोकव्यवहारापासून अलिप्त होते, मग त्यांच्या नांवानें असल्या गोष्टी कशाला, असा आक्षेप कोणी घेईल. त्यांनीं 1908 साल आठवावें. त्या वर्षीं अकोल्यास शिवजयंतीच्या उत्सवांत लोकमान्य टिळकांबरोबर महाराजही सभेंत उपस्थित होते. जुलैंत लोकमान्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्याच्या काळांत महाराजांनीं त्यांस भाकरीचा प्रसाद धाडला, असें पोथी सांगते. मंडालेच्या तुरुंगांत ‘गीतारहस्य’ लिहिलें गेलें व 1915 सालीं तें प्रसिद्ध झालें; ज्ञान आणि भक्ति यांच्या बरोबर निष्काम कर्म चाललेंच पाहिजे, हें त्याचें सार. शेगांवची भाकरी आणि मंडालेचा ग्रंथ यांत आम्हांस विरोध दिसत नाहीं.

हें केवळ बोलणें नव्हे, याचा दाखला शेगांवांतच आहे. 1908 सालींच स्थापन झालेल्या संस्थानानें मंदिराबरोबर दवाखाने चालविले, सातपुड्याच्या पायथ्याशीं राहणाऱ्या आदिवासींपर्यंत फिरतें रुग्णालय नेलें, 1983 सालीं अभियांत्रिकी महाविद्यालय उभारलें. गांवोगांवचे सेवेकरी आपली पाळी आली कीं बिनवेतन येतात, झाडलोट करतात, पंगती वाढतात. 4 ऑगस्ट 2021 रोजीं दिवंगत झालेले शिवशंकरभाऊ पाटील यांनीं सेवेची ही शिस्त अंगीं बाणवून दाखविली. जो मनुष्य तेथें रांग मोडीत नाहीं, कागदाचा कपटाही खालीं टाकीत नाहीं, तोच शेगांवच्या स्थानकावर गाडींत बसतांच सारें विसरतो! शिस्त आम्हांस येत नाहीं असें नाहीं. ती आम्ही देवळाच्या दारांत ठेवून येतों.

म्हणून खामगांव, मलकापूर, शेगांव येथील व्यापारी व अडते बंधूंस आमची विनंति आहे. लग्नकार्यांत पदार्थांची संख्या वाढविण्यापेक्षां पानावर कांहीं उरणार नाहीं असें वाढण्याची चाल आपण घालावी. तिला प्रतिष्ठा आपणच देऊं शकतां. उन्हाळ्यांत नांवाची पाटी लावून पाणपोई घालतां, तें चांगलेंच. पण त्याच धर्मादायांतील कांहीं भाग खारपाणपट्ट्यांतील एका गांवाच्या गोड्या पाण्यासाठीं दरवर्षीं वेगळा काढावा, आणि त्याचा हिशेब चारचौघांत वाचून दाखवावा. ज्या शेतकऱ्याचा कापूस आपल्या काट्यावर येतो, त्याच्या घरच्या घागरींत काय पाणी आहे, हें विचारण्याचा अधिकार आणि जबाबदारी दोन्हीं आपल्याकडे येतात.

ऋषिपंचमीस बैलाच्या श्रमाचें अन्न खाऊं नये असा आपला जुना रिवाज आहे. वर्षांतून एक दिवस तरी अन्नामागचे कष्ट आठवावेत, हाच त्याचा हेतु दिसतो. महाराजांची पुण्यतिथि नेमकी त्याच दिवशीं येते. त्या दिवशीं शेगांवीं जाणें ज्यांस घडेल त्यांनीं अवश्य जावें. ज्यांस घडणार नाहीं त्यांनीं आपलें पान स्वच्छ करून उठावें आणि दारीं आलेल्यास पाणी द्यावें. महाराजांपर्यंत तेंही पोंचेल, याविषयीं आम्हांस शंका नाहीं.