जुहूचा तानाजी आणि मावळचा तानाजी

जुहू ही मुंबईतील चित्रपटवाल्यांची आळी. त्या आळीच्या झकपक वळणाचा 'तान्हाजी' हा बोलपट 10 जानेवारी 2020 रोजी आला. ओम राऊत यांचे दिग्दर्शन, अजय देवगण तानाजी. डोळे दिपतील असे कडे, मशाली, पोशाख! पोशाखांना राष्ट्रीय पारितोषिकही मिळाले. कारागिराचे श्रेय आम्ही नाकारीत नाही. पण पोशाखाच्या आतला माणूस कोठे गेला, एवढेच आम्ही विचारतो.

बोलपटाच्या पहिल्या झलकीतच सांगितले गेले की, शिवाजीराजांची तलवार चालते म्हणून बायकांचा घुंघट आणि ब्राह्मणांचे जानवे शाबूत राहते. वाहवा! मावळातल्या कुणबिणीने घुंघट कधी घेतला हो? ती पदर खोचून चिखलात भात लावते. आणि ज्या मावळ्यांच्या गळ्यात जानवेच नव्हते, ते काय दुसऱ्याचे जानवे राखण्यासाठी कड्यावर चढले? जोतीराव फुल्यांनी 1869 साली पोवाडा रचून राजांना कुळवाडीभूषण म्हटले. दीडशे वर्षे लोटली, तरी कुळवाड्याचा राजा कुळवाड्याच्या हाती राहू द्यायचा नाही, हाच खटाटोप चालू आहे.

म्हणे तानाजी धर्मयोद्धा! 1665 च्या पुरंदरच्या तहात कोंढाण्यासकट तेवीस किल्ले घेणारा मिर्झाराजा जयसिंग कोणत्या धर्माचा? 1670 साली कोंढाण्यावर औरंगजेबाचा किल्लेदार असलेला उदयभान राठोड कोणत्या धर्माचा? दोघेही रजपूत हिंदू. तेव्हा झगडा स्वराज्य आणि पातशाही यांचा होता. रयतेच्या भाजीच्या देठालाही हात लावू नये, असे बजावणारा राजा एका बाजूला आणि परमुलखावर अंमल बसवणारी सत्ता दुसऱ्या बाजूला. ही गोष्ट पडद्यावर आली असती, तर सावकार आणि दलालाखाली पिचलेल्या आजच्या कुणब्याला ती आपली वाटली असती.

तिच्याऐवजी आली कोणती? राजगडावर रोखलेली 'नागीण' नावाची राक्षसी तोफ! सारी यंत्राची करामत. सभासदाच्या बखरीत तोफ नाही. तेथे दोन निवडक मावळे रात्री कडा चढतात आणि मग बाकीचे. त्यांची पावले, दोर वळणाऱ्याचे हात, तलवार घडवणाऱ्या लोहाराचा घाम, यांना सव्वादोन तासांत जागा मिळाली नाही. उदयभान झालेल्या सैफ अली खान यांनीच पुढे मुलाखतीत सांगितले की, हा इतिहास नव्हे. तरी महाराष्ट्र सरकारने या बोलपटावरचा आपला कर माफ केला! शेतकऱ्याच्या खतावर कर आणि खोट्या इतिहासाला माफी, असा हा न्याय.

बोलपट पाहू नका, असे आम्ही म्हणत नाही. खुशाल पाहा. पण घरी आल्यावर पोरांना सांगा की, कोंढाणा तुमच्या-आमच्यासारख्यांनी घेतला आणि तो कोणाच्या जानव्यासाठी नव्हे, तर आपल्या शेतातला दाणा आपल्या घरी यावा म्हणून घेतला.