दोरी, च्युइंगम आणि शालजोडीतले

प्रत्येक ऑफिसात एक तरी नमुना असतो. मीटिंगमध्ये वातावरण तापलं की हा हळूच एक पिन मारतो, सगळे खो-खो हसतात आणि ज्याला पिन लागली तो बॉसही हसतो. दुसरा एक नमुनाही असतो. त्याच्या जोकनंतर कुणीतरी आपला डबा उचलून वेगळ्या टेबलावर जाऊन बसतं. या दोघांत फरक काय? हे शिकायचं तर माझा फेव्हरिट गुरू आहे एक काउबॉय. नाव विल रॉजर्स.

काउबॉय म्हटलं की आपल्याला क्लिंट ईस्टवूड आठवतो. तोंडात सिगार, हातात पिस्तूल, बोलणं कमीच. विलच्या तोंडात च्युइंगम, हातात दोरी आणि बोलणं अखंड! शिवाय हा काउबॉय स्वतःच ‘इंडियन’ होता, म्हणजे चेरोकी. जन्म 4 नोव्हेंबर 1879 चा, आज ज्याला ओक्लाहोमा म्हणतात त्या भागातल्या रँचवरचा. आपले पूर्वज काही ‘मेफ्लॉवर’ जहाजातून अमेरिकेत आले नाहीत, ते किनाऱ्यावर जहाजाची वाट बघत उभे होते, असं तो सांगायचा. खानदानी गोऱ्या अमेरिकनांना यापेक्षा सुरेख शालजोडीतला कुणी दिला असेल?

शाळेत स्वारी रमली नाही. 1902 मध्ये नशीब काढायला अर्जेंटिनाला गेला आणि पैसे संपवून बसला. तिथून दक्षिण आफ्रिका. एका वाइल्ड वेस्ट शोमध्ये ‘चेरोकी किड’ म्हणून दोरीचे खेळ करू लागला. मग सर्कसबरोबर ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड. हात इतका तयार, की एकाच वेळी तीन दोऱ्या फेकायचा. एक घोड्याच्या मानेत, दुसरी स्वाराभोवती, तिसरी घोड्याच्या चारही पायांत. खोटं वाटत असेल तर 1922 चा ‘द रोपिन फूल’ हा मूकपट बघा.

खरी गंमत पुढेच आहे. न्यूयॉर्कच्या रंगमंचावर सुरुवातीला तो गप्प राहून खेळ करायचा. एकदा पुढची करामत काय ते आपल्या गावरान हेलात सांगितलं आणि प्रेक्षक हसले. साहेब चिडले! आपली टिंगल होतेय असं वाटलं. त्या हसण्यातच आपली भाकरी आहे हे हळूहळू लक्षात आलं. पुढे झिगफेल्डच्या रात्रीच्या शोमध्ये तेच तेच श्रीमंत गिऱ्हाईक पुन्हा पुन्हा यायचं, त्यामुळे जुने जोक चालेनात. बायको बेटीनं सुचवलं, रोजचा पेपर वाचतोस ना, त्यावरच बोल की! झालं. आपल्याला फक्त पेपरात वाचलेलं तेवढंच कळतं, ही त्याची ओळखच बनली.

1916 मध्ये बाल्टिमोरच्या एका शोला राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन स्वतः येऊन बसले. विलला घाम फुटला. तरी त्यानं विल्सन यांच्या सरकारवरचे जोक त्यांच्यासमोरच केले आणि विल्सन हसले. का हसले असतील? मला वाटतं, विल त्यांच्या कारभाराला हसत होता, त्यांच्या माणूसपणाला नाही.

1922 पासून त्याचा साप्ताहिक कॉलम आणि 1926 पासून रोजचा छोटा ‘टेलिग्राम’ देशभरच्या पेपरांत यायचा. स्पेलिंग आणि ग्रामर अगाध, पण ते तसंच छापायचं! (एक फ्रीलान्सर म्हणून याचा मला प्रचंड हेवा वाटतो.) 1928 मध्ये ‘लाइफ’ साप्ताहिकातून त्यानं राष्ट्राध्यक्षपदाची लुटुपुटूची निवडणूकही लढवली. एकमेव आश्वासन काय, तर निवडून आलो तर लगेच राजीनामा देईन.

पण फक्त हशा पिकवणं हे त्याचं काम नव्हतं. ऑक्टोबर 1931 मध्ये महामंदी ऐन भरात असताना तो राष्ट्राध्यक्ष हूवर यांच्यासोबत एकाच रेडिओ कार्यक्रमात बोलला. देशात धान्य, पैसा सगळं मुबलक आहे, मग लोक उपाशी का, असा त्याचा सरळ सवाल होता. जोकच्या वेष्टनात गुंडाळलेला हा प्रश्न घराघरात पोचला. तेच भाषण एखाद्या पुढाऱ्यानं केलं असतं तर लोकांनी रेडिओ बंद केला असता.

म्हणजे माणूस अगदी संत होता का? नाही. जानेवारी 1934 मध्ये रेडिओवर त्यानं कृष्णवर्णीयांसाठी अपमानास्पद शब्द वापरला. निषेध झाला, आणि त्यानं त्यावर दिलेलं स्पष्टीकरण अनेकांच्या पचनी पडलं नाही. मला हा प्रसंग झाकून ठेवावासा वाटत नाही. राष्ट्राध्यक्षांपुढे ज्याचा तोल सुटला नाही, त्याचा तो इथे सुटला. वरच्याला मारलेली पिन आणि खालच्याला मारलेली पिन, दोन्हींची टोकं सारखीच असतात. पण वरच्याच्या अंगावर जाड कोट असतो, बॉस!

न आवडलेला माणूस मला अजून भेटलाच नाही, हे त्याचं सर्वांत गाजलेलं वाक्य. 1926 मध्ये रशियात त्याला ट्रॉट्स्कीला भेटायचं होतं, ते जमलं नाही. भेट झाली असती तर तोही आवडलाच असता, अशा अर्थानं त्यानं ते लिहिलं होतं. म्हणजे हे ‘सगळे छान छान’ टाइप गुडी-गुडी वाक्य नाही. ज्याच्या विचारांशी पटत नाही त्याच्यासमोर आधी जाऊन बसा, असा त्याचा अर्थ.

15 ऑगस्ट 1935 ला अलास्कात वैमानिक वायली पोस्टबरोबर विमान अपघातात तो गेला, तेव्हा तो हॉलिवूडचा टॉपचा स्टार होता. लॉस एंजेलिसजवळचं त्याचं रँचवरचं घर नंतर कित्येक वर्षं लोक बघायला जायचे. जानेवारी 2025 च्या वणव्यात तेही जळून गेलं.

उरली आहे ती त्याची कसोटी. पुढच्या वेळी ग्रुपवर कुणाची टोपी उडवायची खुमखुमी आली, तर बोट ‘सेंड’वर जाण्याआधी एवढंच बघा: हाच जोक त्या माणसाच्या शेजारी बसून, त्याच्या डोळ्यांत बघून करता येईल? येत असेल तर बिनधास्त करा. नसेल, तर च्युइंगम चघळत बसा!